हवा काढायची राहिली होती

१३ फेब्रुवारी, शुक्रवार. सकाळचे साडेनऊ. हातातलं काम एका जुन्या व्हॅनच्या मागच्या डाव्या चाकाचा ब्रेक ड्रम उतरवण्याचं. ड्रम गंजून जागेवर घट्ट बसला होता. एका बाजूनं रफिकभाई हातोडीनं ठोकत होते, दुसऱ्या बाजूनं मी, आणि आमच्या डोक्यावर, व्हॅनच्या आत, गाडीच्या मालकीणबाई मथुराबाई पगार, श्रीखंडासाठी चक्का टांगत होत्या.

ही व्हॅन एके काळी रुग्णवाहिका होती. सलाइनची बाटली अडकवायचा आकडा छताला तसाच राहिला होता. मथुराबाईंनी त्याला दह्याचं फडकं बांधलं होतं. पत्र्याला एक भोक होतं, ते बुजवायचं माझ्या यादीत होतं, पण अजून बुजलं नव्हतं. त्यातून दह्याचं पाणी माझ्या मानेवर पडत होतं.

"मथुराबाई, खाली उतरा. गाडी जॅकवर आहे."

"उतरते ना वो. गाठ तं बसू द्या."

"रस्त्यात कुठंही श्रीखंड मिळतं."

"ते रंगाचं मिळतं," त्या म्हणाल्या, आणि दुसरी गाठ मारायला लागल्या.

माझं गॅरेज नाशिकमध्ये, द्वारकेच्या चौकापासून पाच मिनिटांवर आहे. रस्ता मोकळा असेल तर, असं लोक म्हणतात. मी तो मोकळा अजून पाहिलेला नाही. गॅरेज सासऱ्यांचं. ते थकल्यावर नवऱ्याला बँकेतली नोकरी सोडायची नव्हती आणि मला घरात बसायचं नव्हतं, म्हणून मी गॅरेजात बसले. त्याला सव्वीस वर्षं झाली. बाई गॅरेज चालवते म्हणून कौतुक करायला येणारे लोक गाडी दुसरीकडं दुरुस्त करतात, हे मला पहिल्या सहा महिन्यांत कळलं. रफिकभाई सासऱ्यांच्या वेळेपासून आहेत. वायरिंग त्यांचं, इंजिन आणि ब्रेक माझे. ते मला भाभी म्हणतात, आणि माझं काही चुकलं तर एकदाच सांगतात.

या कामात गाडीपेक्षा माणसाची गाडीबद्दलची समजूत दुरुस्त करायला जास्त वेळ जातो. एक गृहस्थ दर पंधरा दिवसांनी यायचे, गाडी डावीकडं ओढते म्हणायचे. आम्ही चाकं बघितली, स्टिअरिंग बघितलं. शेवटी एकदा मी शेजारी बसून गेले, तर गृहस्थच डावीकडं कलून बसत होते, उजव्या खिशातल्या जाड पाकिटामुळं. एक बाई गाडी 'दमते' म्हणून घेऊन आल्या होत्या. त्या सिन्नरहून हँडब्रेक ओढूनच आल्या होत्या. अशा माणसांवर मी हसत नाही. म्हणजे, ती असेपर्यंत हसत नाही.

सुभेदार पगार यातले नव्हते. तोफखान्यातून निवृत्त होऊन देवळाली कॅम्पातच स्थायिक झालेले. सदरा कडक, मिशी कडक. तोफांनी डावा कान गेलेला, म्हणून बोलणं मोठ्यानं. आणि तीस वर्षांची एक सवय अंगात मुरलेली: ऐकलेली गोष्ट ताबडतोब करायची, उलट प्रश्न विचारायचा नाही. रुग्णवाहिका त्यांनी लिलावात घेतली आणि वर्षभर खपून आत घर बसवलं. दुमडता पलंग, शेगडी, भांड्यांना खाचा, प्रत्येक खाचेवर रंगानं नाव: 'पातेले मोठे', 'पातेले लहान', 'झारा'. मला ते आवडलं. माझ्या गॅरेजात पान्ह्यांचीही अशी व्यवस्था नाही.

बेत असा होता की नाशिकहून निघायचं, राजस्थान करायचं, पंजाब करायचा आणि वर हिमाचलात जायचं. जिथं जिथं सुभेदारांची नेमणूक झाली होती, ती सगळी ठिकाणं मथुराबाईंना बघायची होती. प्रेमाबिमानं नव्हे. त्यांना खात्री करून घ्यायची होती.

"तीस वरीस यांची पत्रं येत ऱ्हायली," त्या मला म्हणाल्या होत्या. "इथं वाळूच वाळू आहे, इथं गुडघ्याएवढा बर्फ आहे. मी गावाकडं म्हशी बघे आन् पत्र वाचे. आता बघते ना, तो बर्फ खरंच शे का."

मथुराबाई सटाण्याकडच्या. बोलता बोलता अहिराणीत शिरायच्या, आणि मग 'आहे'चं 'शे' व्हायचं.

हा प्रवास आधी पाच वेळा ठरला होता आणि पाचही वेळा सुभेदारांनी तार करून किंवा फोन करून कळवलं होतं: रजा कॅन्सल. निवृत्तीनंतर रजेचा प्रश्न उरला नव्हता, तरी मुलीचं बाळंतपण निघालं की सुभेदार म्हणायचे, रजा कॅन्सल. गुडघा दुखला, रजा कॅन्सल. या वेळी मात्र तारीख भिंतीवर लिहिली होती. चौदा फेब्रुवारी, सकाळी सहा. सटाण्याहून वीस नातेवाईक निरोप द्यायला गॅरेजातच येणार होते.

आता थोडं काम सांगते. जुनी गाडी लांब न्यायची म्हणजे इंजिन चकचकीत करायचं, असं लोकांना वाटतं. इंजिन बंद पडलं तर माणूस रस्त्याच्या कडेला बसतो, चहा पितो, मेकॅनिकची वाट बघतो. ब्रेक गेला तर वाट बघायला कुणी उरत नाही. म्हणून माझी यादी खालून वर जाते: चाकं, ब्रेक, स्टिअरिंग, मग पाणी, पट्टे, डिझेलची टाकी, आणि सगळ्यात शेवटी इंजिन. चाळीस कलमं आहेत. प्रत्येकापुढं मी स्वतःच्या हातानं 'ठीक' लिहिते, आणि चाळीस 'ठीक' झाल्याशिवाय किल्ली देत नाही. यादीत न लिहिलेला एक नियमही आहे: मालक सांगतो त्यावर विश्वास ठेवायचा नाही.

पगारांच्या गाडीत पहिली भानगड वजनाची निघाली. गाडी उजवीकडं झुकलेली दिसली, म्हणून मी आत डोकावले. उजव्या बाजूला लोखंडी कपाट. खरंखुरं, घरातलं, आरशाचं, बोल्टनं पत्र्याला आवळलेलं.

"हे कशाला?" मी विचारलं.

"घर बंद राहणार," मथुराबाई म्हणाल्या. "मग कपाटाकडं कोण बघंल?"

"आणि ही डावीकडं पोती कसली?"

"वाळू, मॅडम!" सुभेदार अभिमानानं म्हणाले. "कपाटामुळं गाडी कलत होती. चार पोती टाकून लेव्हल केली."

म्हणजे ओझं जास्त झालं म्हणून त्यांनी आणखी ओझं घातलं होतं. मी गाडी वजनकाट्यावर नेली, आकडा दाखवला आणि वाळू उतरवायला लावली. त्यांनी पाच मिनिटांत उतरवली. कपाटाबाबत मी दोन दिवस भांडले आणि हरले. ते गाडीच्या मधोमध सरकवण्यावर तडजोड झाली. त्यानंतर पलंगावर झोपायचं तर कपाटाचं दार उघडून खालच्या कप्प्यात पाय घालावे लागत. सुभेदारांनी याची तालीमही केली.

दुसरी भानगड रफिकभाईंच्या वाट्याची. चाचणीसाठी आम्ही गाडी चांदवडच्या पुढं राहुड घाटापर्यंत नेली. काच धुळीनं भरली म्हणून मी वायपर लावला, तर समोरचे ट्रक भराभर बाजूला व्हायला लागले. मला वाटलं, आज लोक सभ्य झालेत. मग कळलं की टपावरचा जुना दिवा वायपरच्या वायरीला जोडलेला आहे आणि तो गरागरा फिरतोय.

"राहू द्या, मॅडम," मागून सुभेदार म्हणाले. "उपयोगी आहे."

"काढा," मी रफिकभाईंना म्हटलं.

"भाभी, पावसात कामाला येईल," रफिकभाई म्हणाले. तोडतो म्हणाले आणि तोडायचं विसरले. आजही मला वाटतं, मुद्दाम विसरले.

तर शुक्रवार. ड्रम निघाला. चारही चाकांच्या ब्रेकचे रबर बदलले, पत्र्याचं भोक बुजवलं, चाकं परत बसवली, गाडी जॅकवरून खाली घेतली. पगार नवराबायको उरलेलं सामान आणायला कॅम्पात गेले. माझ्या यादीत एकोणचाळीस 'ठीक' झाले. राहिलं एक: हवा काढणं.

ब्रेकच्या नळीत तेल असतं. पायानं पेडल दाबलं की तो दाब तेलातून चाकापर्यंत पोचतो. तेल दबत नाही, म्हणून दाब पुढं जातो. पण नळीत हवेचा बुडबुडा राहिला तर पाय बुडबुड्याला दाबत बसतो. पेडल मऊ लागतं, गाडी थांबत नाही. ती हवा काढायला दोन माणसं लागतात. एकानं पेडल मारत राहायचं, दुसऱ्यानं खाली चाकामागची बारीक निपल सैल करून बुडबुडे सोडायचे. काम सोपं आहे, फक्त दोघांचं जमावं लागतं. पण एक निपल तुटली. रफिकभाईंची जुम्म्याच्या नमाजची वेळ झाली होती. ते गेले, आणि मी निपल आणायला बाहेर पडले. गॅरेज समोरच्या रसवंतीवाल्यावर सोपवलं.

दुकानात उभी असताना सुभेदारांचा फोन आला.

"मॅडम! काय पोझिशन?"

"सगळं झालं. फक्त हवा काढायची राहिली."

"बास?"

"बास. हवा काढली की गाडी तुमची. दोन माणसं लागतात, रफिकभाई नमाजला गेलेत."

"दोन माणसं आम्ही आहोत!"

मी म्हटलं, बरं, येऊन बसा. मला वाटलं, पेडल मारायला एक पाय मिळाला.

द्वारकेच्या गर्दीतून मला परत यायला अडीच वाजले. लांबूनच गाडी बुटकी दिसली. जवळ गेले तर चारही चाकं जमिनीला चिकटलेली, गाडी पोटावर बसलेली, आणि दारात सुभेदार ताठ उभे.

"हवा काढली, मॅडम! चारही! स्टेपनीचीपण!"

हातात कागद होता. त्यावर वेळा लिहिल्या होत्या: डावे पुढचे, एक दहा. उजवे पुढचे, एक एकोणीस. मथुराबाई पायरीवर बसून केसांतला आकडा सरळ करत होत्या. त्या आकड्यानं त्यांनी पाच व्हॉल्व्ह दाबून धरले होते.

"बोट दुखी ऱ्हायनं," त्या म्हणाल्या. "पण हवा लय होती बाई गाडीत."

मी एवढंच विचारलं, "सुभेदारसाहेब, चाकांची हवा काढून उद्या जाणार कसे?"

"तो प्रश्न माझ्याही मनात आला," ते म्हणाले. "पण ऑर्डर तुमची होती."

मी कॉम्प्रेसरचं बटण दाबलं, तर वीज गेलेली. रसवंतीवाला म्हणाला, चारशिवाय येत नाही. म्हणजे कपाटासकट ती गाडी दीड तास रिकाम्या टायरांवर बसणार. मी चिडून स्टुलावर बसले. सुभेदारही बसले, ताठ.

रफिकभाई परतले. त्यांनी गाडी बघितली, कागद वाचला आणि हसत हसत भिंत धरली. मग हसता हसता उजव्या मागच्या चाकाजवळ वाकले आणि हसायचे थांबले.

"भाभी, जरा इकडं या."

दबून बाहेर फुगलेल्या टायरच्या बाजूला काळ्या रंगाची खपली उडाली होती. खपलीखाली रबराला बोटभर चीर, आणि चिरेतून आतले पांढरे दोरे दिसत होते. टायरचा जीव त्याच दोऱ्यांत असतो. ते दिसायला लागले की टायर संपला.

आम्ही चाक काढलं, टायर रिमवरून उतरवला. आतून गेटर मारलेला होता. गेटर म्हणजे टायर फाटला की आतून लावायचं जाड ठिगळ. गावातल्या गावात चालतं. भरल्या गाडीखाली, राजस्थानच्या उन्हात, घाट उतरताना चालत नाही. आतल्या बाजूचा रंग खरवडला तेव्हा बनावटीचा आकडा दिसला. टायर अकरा वर्षांपूर्वीचा होता. गुळगुळीत झालेल्या टायरवर कुणीतरी गरम सुरीनं नव्या खाचा कोरल्या होत्या आणि वरून काळा रंग फासला होता. चारांतले तीन असेच निघाले. स्टेपनीही तशीच.

"मला नवे कोरे म्हणून दिले," सुभेदार म्हणाले. पहिल्यांदाच त्यांचा आवाज खाली आला. कुणी दिले तेही त्यांनी सांगितलं. ते इथं लिहीत नाही.

मला त्यांचं काही वाटलं नाही. ते तोफखान्यातले, टायर ओळखायचं काम त्यांचं नव्हतं. ते माझं होतं. मी यादी काढली. पहिल्याच पानावर, माझ्या अक्षरात: 'टायर, ठीक.' सुभेदारांनी सांगितलेली बाकी प्रत्येक गोष्ट अचूक निघाली होती, म्हणून हीही अचूक असणार, असं मी धरलं होतं. खाचा खोल दिसल्या, लिहून टाकलं. त्याच दिवशी सकाळी ती चाकं मी माझ्या हातानं काढली होती, भिंतीला टेकवली होती, परत बसवली होती. टायरकडं बघितलं नाही, कारण मी ब्रेक बघत होते.

"मी चुकले," मी म्हटलं. "तुम्ही हवा काढली नसती तर मी उद्या तुम्हाला या टायरांवर पाठवलं असतं."

सुभेदारांनी मान हलवली. मग खिशातून दुसरा कागद काढला, प्रवासाचा, आणि पेन उघडलं. ते काय लिहिणार हे मथुराबाईंना आमच्याआधी कळलं.

"लिहू नका!" त्या ओरडल्या.

"अगं, टायरच नाहीत तर..."

"रजा कॅन्सल, रजा कॅन्सल! तीस वरीस हाईच ऐकी ऱ्हायनू मी!" त्या माझ्याकडं वळल्या. "ताई, टायर कवा भेटतील?"

मी फोन केले. त्या मापाचे टायर आता सहज मिळत नाहीत. नाशिकमध्ये एका दुकानदारानं ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकाचे टायर देऊ केले, माप तेच आहे म्हणाला. माप तेच आहे, पण ते शेतात चालायला केलेले असतात, हायवेवर पळायला नाही. पुण्याच्या एका दुकानात पाच सापडले. ते मंगळवारी ट्रान्सपोर्टनं येणार होते.

"मंगळवार," मी सांगितलं. "त्याआधी किल्ली मिळणार नाही."

"किल्ली ठिवा तुमच्यापाशी," मथुराबाई म्हणाल्या. "पण आम्ही उद्या सहाला निघणार. एकदा का थांबलो, तं मंगळवारी यांचा गुडघा दुखंल, बुधवारी पोरीचा फोन येईल. मी या माणसाला वळखते."

"चाकांशिवाय निघणार?"

"निघणार म्हणजे घर सोडणार. पहिला मुक्काम हितंच करू. गाडीत पलंग शे, शेगडी शे, चक्का शे. अजून काय पाह्यजे?"

सुभेदारांनी पेन उचललं. मी वाकून बघितलं, तर त्यांनी काही खोडलं नव्हतं. 'पहिला मुक्काम' पुढं धुळे होतं. त्याच्या वर त्यांनी लिहिलं, 'द्वारका, चार दिवस'.

वीज आली. रफिकभाईंनी पेडल मारलं, मी खाली झोपून बुडबुडे सोडले, पेडल दगडासारखं झालं. मग चारही चाकं काढून गाडी लाकडी ओंडक्यांवर ठेवली. ओंडके मी स्वतः लावले. त्यांवर ट्रक उभा राहतो.

पुढचं आत्ताच सांगून टाकते. टायर मंगळवारी आले. मी प्रत्येकाचा आकडा वाचला, आतून हात फिरवला, आणि बुधवारी गाडी गेली. एप्रिलच्या सुरुवातीला माझ्या फोनवर एक फोटो आला: मथुराबाई, नऊवारी, वर सुभेदारांचा लष्करी कोट, पाय गुडघ्यापर्यंत पांढऱ्यात. खाली एकच शब्द होता: 'शे.'

पण शनिवारी सकाळी सहाला हे काही ठाऊक नव्हतं. वीस नातेवाईक पिकअपमधून उतरले आणि चाकं नसलेल्या गाडीभोवती गोल उभे राहिले. सुभेदार ज्या चेहऱ्यानं उभे होते, त्या चेहऱ्याला प्रश्न विचारता येत नाही. ओवाळणं झालं, नारळ फुटला. मग लिंबांचा प्रश्न आला. लिंबं चाकाखाली ठेवून त्यांवरून गाडी न्यायची असते.

"ओंडक्याखाली ठेवू का?" मथुराबाईंच्या भावानं विचारलं.

"ओंडक्याला कुणी हात लावायचा नाही," मी म्हटलं.

बरीच चर्चा झाली. शेवटी मथुराबाईंनी लिंबं सरबताला म्हणून आत घेतली. सुभेदारांनी माझ्याकडून दोन मिनिटांसाठी किल्ली मागून घेतली, इंजिन सुरू केलं, हॉर्न वाजवला आणि वायपर लावला. टपावरचा दिवा फिरायला लागला. सगळ्यांनी हात हलवले. गाडी जागेवर थरथरत होती. आतून दोघांनी हात हलवले, आणि मथुराबाईंनी डोळ्याला पदरही लावला. मग नातेवाईक पिकअपमध्ये बसून सटाण्याला गेले. म्हणजे गेले ते निरोप द्यायला आलेले.

सात वाजता मला गाडीच्या खिडकीतून चहा मिळाला. तो घेऊन मी टेबलाशी बसले आणि गेल्या दोन महिन्यांच्या याद्या काढल्या. पहिलं पान, पहिलं कलम. माझंच अक्षर. कुठं मी टायर खरंच बघून 'ठीक' लिहिलं होतं आणि कुठं मालकाचं ऐकून, ते आठवत गेले. तीन गाड्यांचं खात्रीनं आठवेना. त्यातली पहिली शाळेची मुलं नेणाऱ्या शिंदेकाकांची. त्यांना फोन लावला.

"काका, गाडी घेऊन या. हवा काढायची आहे."

"अहो ताई, ब्रेक एकदम मस्त लागतोय."

"ब्रेकची नाही. चाकांची."

पलीकडून हळूच प्रश्न आला, "ताई, बरं आहे ना तुम्हाला?"

"बरं आहे. मुलांना शाळेत सोडा आणि तसेच रिकामी गाडी घेऊन या. सावकाश चालवा."

त्यांनी बरं म्हटलं. मी फोन ठेवला आणि दुसरा नंबर लावला.